चौकोनापेक्षा लहान ढग

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. तिथून जेमतेम 25 किलोमीटरवरच्या कुलाब्यात त्याच काळात नोंद झाली 73 मिलिमीटरची! समजा, हवामानाच्या एखाद्या मॉडेलमध्ये ही दोन्ही ठिकाणं 50 किलोमीटरच्या एकाच चौकोनात आली. त्या चौकोनाच्या वाट्याला पावसाचा आकडा एकच येणार. तो अगदी बिनचूक सरासरी असला, तरी दोन्हीकडच्या माणसांसाठी चुकीचाच ठरणार.

मॉडेल सगळ्या वातावरणाचे असे चौकोन पाडतं, त्यांचे थर रचतं आणि प्रत्येकातला वारा, दाब, तापमान, बाष्प यांची समीकरणं सोडवत थोड्या थोड्या वेळाने पुढे सरकतं. लुईस फ्राय रिचर्डसन यांनी 1922 मध्ये ही कल्पना पुस्तकरूपाने मांडली, तेव्हा त्यांचे चौकोन सुमारे 200 किलोमीटरचे होते. बंगालच्या उपसागरातला कमी दाबाचा पट्टा एवढ्या चौकोनांतही ओळखू येतो. पण वळवाच्या ढगात उसळी मारून वर जाणारा हवेचा झोत अवघा काही किलोमीटर रुंद असतो. चौकोन मोठा असेल, तर मॉडेलच्या जगात तो ढग मुळी जन्मालाच येत नाही.

मग पाऊस पाडायचा कसा? शास्त्रज्ञांनी त्यासाठी ठोकताळे बसवले. चौकोनात एवढी उष्णता, एवढं बाष्प आणि एवढी अस्थिरता असेल, तर ढग झाले आणि इतका पाऊस पडला असं धरायचं. याला पॅरामीटरायझेशन म्हणतात. ही युक्ती मोठ्या हुशारीची, पण तिच्या खोडीही ठरलेल्या. जमीन तापली की मॉडेल भर दुपारी बाराच्या सुमारासच पाऊस पाडून मोकळं होतं. खरे ढग मात्र चढत चढत दुपार उलटल्यावर, संध्याकाळकडे बरसतात. शिवाय मॉडेलचा पाऊस रिमझिम आणि सगळीकडे पसरलेला, तर खरा पाऊस ठरावीक जागी कोसळणारा.

चौकोन तीन-चार किलोमीटरवर आणले की जे घडतं, ते पाहून थक्क व्हायला होतं. ठोकताळा बंद करून टाकता येतो. बाष्पाचे थेंब होताना उष्णता सुटते, हवा आणखी वर झेपावते, पाऊस सुरू होतो, त्याच्यासोबत गार हवा खाली येऊन जमिनीवर पसरते आणि पुढची उबदार हवा उचलून नवा ढग उभा करते. वादळ अशी पावलं टाकत पुढे सरकतं. हे कुणी मॉडेलला शिकवलेलं नसतं. न्यूटनचे नियम आणि उष्णतेचा हिशेब यांतून वादळ आपसूक उगवतं!

डोंगरांचंही तसंच. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि जवळच्याच वाईला 1000 सुद्धा नाही. मोठ्या चौकोनात सह्याद्रीचा कडा घासून गुळगुळीत उतार होतो, मग घाटमाथा आणि पर्जन्यछाया यांत फरक उरणार कुठून?

मात्र बारकाव्याची किंमत भारी आहे. चौकोनाची बाजू निम्मी केली की चौकोन चौपट होतात आणि गणिताचा तोल राहावा म्हणून वेळेचं पाऊलही निम्मं करावं लागतं. म्हणजे काम आठपट. मे 2025 मध्ये सुरू झालेल्या 'भारत फोरकास्ट सिस्टिम' या हवामान मॉडेलने भारताचा चौकोन 12 किलोमीटरवरून 6 वर आणला, तो पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या 'अर्क' महासंगणकाच्या बळावर. इथून 1 किलोमीटरवर जायचं तर काम 216 पट होईल, आणि तेही थरांची संख्या न वाढवता.

तरीही 6 किलोमीटरचं मॉडेल 6 किलोमीटरचा ढग नीट रेखाटत नाही. कुठलाही आकार धड उमटायला पाच-सात चौकोन लागतात. शिवाय ढग जितका लहान, तितकी त्याच्याबद्दलची चूक झपाट्याने वाढते. सुरुवातीच्या नोंदीतला किंचित फरक काही तासांत वादळ शेजारच्या तालुक्यात नेऊन ठेवतो. म्हणून आता सुरुवात जराजरा बदलून तेच मॉडेल अनेकदा चालवतात आणि किती वेळा कुठे पाऊस पडला, यावरून शक्यता काढतात. लहान चौकोनाने आपल्याला खऱ्यासारखं वादळ दाखवलं. ते नेमकं कुठे फुटेल, याचं प्रामाणिक उत्तर शक्यतेच्या भाषेतच मिळतं. काढलेला कांदा झाकायचा की नाही, हे ठरवायला शेतकऱ्याला तेवढं उत्तरही फार मोलाचं आहे.