औषधाआधीचा खर्च

बचतगटाच्या बैठकीत पैशाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर आधी कर्ज येतं. हप्ता, व्याज, परतफेड. आज आपण वेगळ्या पैशाबद्दल बोलणार आहोत, तो म्हणजे अनुदान. अनुदान परत करायचं नसतं, पण त्याचा हिशेब कर्जापेक्षा कडक असतो. आणि आपल्याला ते हवं आहे आरोग्यासाठी. आजार झाल्यावरच्या औषधासाठी नाही, तर आजार जिथून येतो तिथल्या कामासाठी.

दिवाळी झाली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कुटुंबं आपल्या वसई तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर येतात आणि पाऊस सुरू व्हायच्या आत परत जातात. उचल आधीच घेतलेली असते, आठवड्याला नुसती खर्ची मिळते. अशीच एक बाई पाच महिन्यांची गरोदर आहे असं धरू. तिचं नाव गावच्या अंगणवाडीत आणि गावच्या आशाताईच्या वहीत. इथे ती कुणाच्याच वहीत नाही. दिवसभर ओणवं राहून विटा थापायच्या. दवाखान्यात जायचं तर मजुरी बुडते, वर रिक्षाचं भाडं. कशीबशी गेली, तर अंगात रक्त कमी निघतं. सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या फुकट मिळतात. पण उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळतं, म्हणून ती दोन दिवसांत सोडून देते. आता सांगा, इथे औषध कमी पडलं का?

कमी पडलं जेवण, कमी पडली मजुरी, कमी पडलं वहीतलं नाव. यांनाच आरोग्याची सामाजिक कारणं म्हणतात. शब्द जड वाटतो, पण आपल्याला त्यांची चांगली ओळख आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर शंभर बायकांमागे 54 जणींच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दहाजणींच्या गटात पाच-सहा. त्याच पाहणीत 20 ते 24 वयाच्या शंभर मुलींपैकी जवळजवळ 22 जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. लवकर लग्न, लवकर बाळंतपण, कमी वजनाचं मूल. ही साखळी गोळीने तुटत नाही.

हे ओळखून काम करणारी माणसं महाराष्ट्रात फार आधी होऊन गेली. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा लोकांनी आधी पाणी आणि धान्याचं काय ते विचारलं. डॉक्टरांनी ते ऐकलं. मग गावातल्याच, बहुतेक शाळा न पाहिलेल्या बायका शिकून आरोग्यसेविका झाल्या.

आपल्या घरच्या अंगणातलं उदाहरणही आहे. 2007 पासून राज्यात आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. पहिल्या पाच जिल्ह्यांत आपला तेव्हाचा ठाणे जिल्हा होता. पालघर वेगळा झाला तो पुढे, 1 ऑगस्ट 2014 ला. यात राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाचा, म्हणजे सरकारचाच पैसा सामाजिक संस्थांना मिळाला. कशासाठी? तर गावकऱ्यांनी एकत्र बसून आपल्या आरोग्य केंद्राला हिरवा, पिवळा की लाल रंग द्यायचा ते ठरवावं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर बोलावं, यासाठी. त्या अनुदानातून औषध घ्यायचं नव्हतं. कार्यकर्तीचं मानधन, बैठका, प्रशिक्षण, प्रवास, यावर ते खर्च झालं. आम्हाला वाटतं, अनुदानाचा खरा उपयोग हाच आहे. गोळी सरकार देतं. गोळी घेणाऱ्या बाईपर्यंत रोज चालत जाणाऱ्या बाईचा खर्च कोण देणार, हा प्रश्न आहे.

आता पैसा कुठे असतो ते बघू. सगळ्यात जवळचा पैसा आपल्याच गावात असतो आणि त्याच्याकडेच आपलं लक्ष कमी असतं. गावात आरोग्य, पोषण आणि स्वच्छतेची समिती असते. तिला वर्षाला 10,000 रुपयांपर्यंत अबंधित निधी मिळायची तरतूद आहे. अबंधित म्हणजे गावाची गरज पाहून समितीने ठरवायचा. आपली बरीच गावं 2009 मध्ये वसई-विरार महापालिकेत गेली. तिथे ही समिती नाही. तिथे महिला आरोग्य समिती असते, 50 ते 100 घरांमागे एक, आणि तिच्यासाठी वर्षाला 5,000 रुपये. रक्कम लहान आहे, हसू नका. भट्टीवरच्या चार गरोदर बायकांचं तपासणीला जायचं भाडं यातून निघतं.

तालुक्याच्या पूर्वेकडची जी गावं पेसाखाली येतात, त्यांच्याकडे आणखी एक वाट आहे. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के निधी 2015 पासून थेट पेसा ग्रामपंचायतींना मिळतो. तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभेत ठरतं आणि त्यात आरोग्य, स्वच्छता, शिक्षण हा भाग आहे. ग्रामसभेला आपण गेलो नाही, तर तो पैसा गटार आणि पेव्हर ब्लॉककडे वळतो. वाईट नाही ते, पण सगळाच तिकडे जाऊ नये.

मग येतो कंपन्यांचा पैसा, ज्याला सगळे सीएसआर म्हणतात. 2013 च्या कंपनी कायद्याचं कलम 135. ज्या कंपनीची वर्षाची उलाढाल 1,000 कोटी, किंवा निव्वळ मालमत्ता 500 कोटी, किंवा निव्वळ नफा 5 कोटींच्या वर, तिने मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकामासाठी खर्च करायचे. भूक, कुपोषण, पिण्याचं पाणी, स्वच्छता, स्त्री-पुरुष समानता हे सगळं यादीत आहे, आणि कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला आधी पाहावं असंही कायदा म्हणतो. म्हणून शेजारच्या गाळ्याच्या मालकाकडे अर्ज घेऊन जाऊन उपयोग नाही, तो या कायद्यात बसतच नसेल. मोठा कारखाना शोधावा लागतो.

हा पैसा बचतगटाच्या नावावर येत नाही. त्यासाठी नोंदणीकृत संस्था लागते, तिची 12अ आणि 80जी ही आयकर खात्याची नोंदणी लागते, सीएसआर-1 चा नंबर लागतो, आणि त्याच प्रकारच्या कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. तेव्हा आपल्याला संस्थेबरोबर जावं लागणार. परदेशी देणगीचं तर आणखी अवघड झालं. पूर्वी मोठी संस्था ती घेऊन लहान संस्थेला वाटून देऊ शकत होती. 2020 च्या दुरुस्तीने ते बंद झालं.

संस्थेबरोबर जायचं म्हणजे डोळे मिटून जायचं नाही. प्रस्ताव लिहिताना आपण बसायचं. बजेटची प्रत मराठीत मागायची. आपल्या वस्तीच्या नावावर किती रुपये मागितलेत ते वाचायचं. कोऱ्या व्हाउचरवर सही करायची नाही, बाई कितीही ओळखीची असो. "आधी दहा हजार भरा, मग अनुदान मिळवून देतो" म्हणणारा माणूस दारात आला तर चहाही देऊ नका.

देणगीदाराला मोजता येतं ते आवडतं. दोनशे किट वाटले, तीन शिबिरं झाली, बॅनरसह फोटो काढले. शिबिरात बाईला कळतं की रक्त कमी आहे, आणि पुढच्या आठवड्यात शिबिर नसतं. आपण मागायचं ते असं: दोन वर्षांसाठी एक कार्यकर्ती, तिचं मानधन, तिचा प्रवास, भट्टीवरच्या बायकांची नावं जवळच्या अंगणवाडीत आणि आरोग्य केंद्रात लावून घ्यायचं काम. मोजायला पण देऊ. किती जणींची नावं लागली, किती जणींना आहार सुरू झाला, किती जणींनी गोळ्या पूर्ण घेतल्या. कधी कधी उत्तर येतं, "प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर देता येत नाही." ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारासाठी आहे. वस्तीवर काम करणाऱ्या बाईचं मानधन त्यात मोजायचं नसतं. हे नम्रपणे, पण सांगायचं.

यंदा भट्ट्या पेटायच्या आत प्रत्येक गटाने एवढं करावं. आपल्या गावात समिती कोणती, सदस्य कोण, खात्यात यंदा किती आले, हे आशाताईंना विचारून गटाच्या वहीत लिहा. आणि भट्टीवर किती बायका, किती लहान मुलं, हेही एकदा जाऊन मोजून या. प्रस्तावाचं पहिलं पान त्या आकड्यांनीच भरणार आहे.