खाचेतून धावणाऱ्या गाड्या

वळणावळणाच्या एका मार्गावर दोन चिमुकल्या गाड्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. दोहींत एकाच जातीची विजेची मोटर आहे आणि दोहींना मिळणारा वीजप्रवाहही सारखाच आहे. इशारा होताच गाड्या सुटतात. पण पाहता पाहता एक गाडी दुसरीला हातभर मागे टाकते. शक्ती सारखी असता हा भेद का पडावा?

या गाड्यांना ‘स्लॉट कार’, म्हणजे खाचेतून धावणारी गाडी, असे म्हणतात. इंग्लंडमधील फ्रेड फ्रान्सिस हे पूर्वी चावीच्या गाड्या बनवीत असत. पुढे त्यांनी त्या गाड्यांत विजेची मोटर बसवली आणि १९५७ साली हॅरोगेट येथील खेळण्यांच्या प्रदर्शनात ‘स्केलेक्स्ट्रिक’ या नावाने हा खेळ मांडला. थोड्याच वर्षांत तो घरोघरी पोहोचला.

या खेळाची रचना सोपी आहे. मार्गात एक अरुंद खाच असते व तिच्या दोन्ही कडांना धातूच्या पट्ट्या असतात. गाडीच्या पुढील भागाखाली असलेले लहानसे पाते त्या खाचेत उतरते. पात्याच्या दोन्ही अंगांस तांब्याच्या बारीक तारांच्या वेण्या असतात. त्या पट्ट्यांना स्पर्श करीत वीज मोटरपर्यंत नेतात. खेळणाऱ्याच्या हाती वेग कमी-अधिक करणारी कळ तेवढी असते. म्हणून विजयाची बरीचशी तयारी शर्यतीपूर्वीच करावी लागते.

या तयारीचे पहिले अंग म्हणजे वजन घटवणे. समान जोर लावला असता हलकी वस्तू लवकर वेग घेते. शंभर ग्रॅमची गाडी ऐंशी ग्रॅमची केली, तर तेवढ्याच जोराने तिचा वेग सव्वापट त्वरेने वाढतो. चाकांचे वजन कमी केल्यास लाभ अधिक होतो. कारण चाकांना पुढे न्यावे लागते, शिवाय फिरवावेही लागते.

दुसरे अंग म्हणजे घर्षण कमी करणे. आस किंचित वाकडा असेल, दंतचक्रांचे दाते एकमेकांत फार घट्ट बसले असतील किंवा चाक गाडीच्या अंगाला घासत असेल, तर मोटरची शक्ती वाटेतच खर्च होते. म्हणून जाणता खेळाडू गाडी उचलून धरतो, चाके बोटाने फिरवतो आणि कोठे अडते ते पाहतो. बैलगाडीच्या आसाला जसे वंगण घालतात, तसा तो या गाडीच्या आसाला तेलाचा एक थेंब देतो. एकच थेंब! अधिक तेल घातले, तर ते उडून चाकांच्या रबरी धावांवर पडते. मग चाके जागच्या जागी घसरू लागतात. अति तेथे माती, ती अशी.

येथेच या खेळातील खरी मौज आहे. आसापाशी जे घर्षण शत्रू ठरते, तेच चाक आणि मार्ग यांच्यामध्ये मित्र होते. तेथे घर्षण नसेल, तर फिरणारे चाक गाडीला पुढे ढकलूच शकणार नाही. त्यामुळे आसाला तेल देणारा खेळाडू धावा मात्र पुसून कोरड्या व स्वच्छ ठेवतो.

वजनाचेही तसेच आहे. नवशिका खेळाडू सगळीकडूनच वजन काढू पाहतो. त्याची गाडी सरळ मार्गावर बाणासारखी जाते; परंतु पुढचा भाग फार हलका झाल्यास तो वर उचलला जातो, पाते खाचेतून निसटते आणि गाडी वळणावर मार्गाबाहेर फेकली जाते. अनुभवी खेळाडू टपाचे वजन घटवतो. पण गरज पडल्यास शिशाची लहानशी पट्टी गाडीच्या तळाशी चिकटवतो. वजन जितके खाली, तितकी गाडी वळणावर स्थिर राहते.

यावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. दोन्ही गाड्यांची शक्ती सारखी असली, तरी तिचा उपयोग सारखा झाला नव्हता. काय टाकावे हे पुष्कळांना कळते. काय राखावे आणि कोठे राखावे, हे ज्याला कळते त्याची गाडी अखेरच्या रेषेपर्यंत पोहोचते.