धाब्यावर जेवायला थांबताय? ताट येण्याआधी एवढं विचारून घ्या

सोलापूर जिल्ह्यातून पुण्याला निघालं की वाटेत एकदा तरी जेवायला थांबावंच लागतं. कोणी पेशंट घेऊन दवाखान्यात चाललेलं असतं, कोणी मार्केट यार्डाला माल टाकून परत येत असतं, कोणाची पोरं कॉलेजला सोडायची असतात. टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण या पट्ट्यात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धाबे आणि फॅमिली रेस्टॉरंट आहेत. जेवण बहुतेक ठिकाणी चांगलंच मिळतं. वाद होतो तो बिल आल्यावर. खिशात दवाखान्याचे मोजून पैसे असतात आणि जेवणाचं बिल अंदाजाच्या दुप्पट येतं. हे टाळायचं असेल तर सगळी विचारपूस ऑर्डर देण्याआधी करायची. जेवण झाल्यावर दरावर भांडून काही हाती लागत नाही.

दर कोण ठरवतं?

शिजवलेल्या जेवणाचा दर सरकार ठरवत नाही, धाबेवाला ठरवतो. त्यामुळे एकीकडे दाल तडका १०० रुपयांना आणि चार किलोमीटर पुढे १८० रुपयांना असला, तरी एवढ्यावरून फसवणूक झाली असं म्हणता येत नाही. जागेचं भाडं, गॅस, तेल, कामगार हा खर्च प्रत्येकाचा वेगळा. फक्त दर गिऱ्हाइकाला आधी कळला पाहिजे. म्हणून बसल्याबरोबर मेनू कार्ड मागा. कार्ड नसेल तर भिंतीवरचा फलक बघा. तोही नसेल तर एकेका पदार्थाचा दर तोंडी विचारा. यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

बिल फुगतं कुठे?

चार माणसांचं एक बिल मांडून बघू. दर नमुन्यासाठी धरलेत. अख्खा मसूर १५०, दाल तडका १४०. झाले २९० रुपये. आता बाकीचं: आठ रोट्या प्रत्येकी २० प्रमाणे १६०, जिरा राईस १२०, दोन मसाला पापड ८०, चार ताक १००, पाण्याच्या दोन बाटल्या ४०. हे झाले ५००. एकूण ७९० रुपये. आपण हॉटेल स्वस्त की महाग हे भाजीच्या दरावरून ठरवतो, पण इथे निम्म्याहून जास्त पैसे भाजीशिवायच्या वस्तूंचे आहेत. म्हणून भाजीबरोबर रोटीचा आणि भाताचा दर जरूर विचारा. टेबलावर न मागता आलेला पापड किंवा सॅलड फुकट आहे की बिलात लागणार, हेही हात लावण्याआधी विचारा.

थाळी घ्यायची असेल तर तीन प्रश्न: रोटी किंवा भाकरी किती, भाजी परत मिळते का, आणि एका थाळीत लहान पोराला वाढून घेतलं तर वेगळे पैसे लागतात का. ‘अनलिमिटेड’ लिहिलेल्या थाळीतही गोड पदार्थ आणि ताक बऱ्याचदा एकदाच मिळतं. मटण किंवा मासळीच्या थाळीत फक्त रस्सा परत मिळतो की फोडीही, हे आधी स्पष्ट करून घ्या.

जीएसटी किती लागतो?

साध्या रेस्टॉरंटच्या जेवणावर जीएसटी ५ टक्के आहे. एसी असो वा नसो, दर तोच. वरच्या उदाहरणात ७९० रुपयांवर ३९ रुपये ५० पैसे होतात. बिलावर तो केंद्राचा अडीच आणि राज्याचा अडीच टक्के असा वेगवेगळा दाखवतात. ज्या हॉटेलातल्या खोल्यांचं भाडं फार मोठं असतं, तिथल्या रेस्टॉरंटला १८ टक्के लागतो. हायवेच्या धाब्याला तो लागू नाही.

जीएसटी घेणाऱ्याच्या बिलावर १५ अंकी-अक्षरी जीएसटी नंबर असलाच पाहिजे. महाराष्ट्रातला नंबर २७ ने सुरू होतो. कोऱ्या कागदावर आकडे लिहून खाली ‘जीएसटी’ म्हणून रक्कम जोडली असेल, तर नंबर मागा. अनेक छोटे धाबे कंपोझिशन योजनेत असतात. ते स्वतःच्या खिशातून कर भरतात आणि त्यांना गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही. तसा फलक दुकानात लावणं त्यांना बंधनकारक आहे.

सर्व्हिस चार्ज द्यायचा का?

द्यायलाच पाहिजे असं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानुसार हॉटेलला सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात टाकता येत नाही, दुसऱ्या नावाने घेता येत नाही आणि तो दिला नाही म्हणून कोणाला आत येऊ न देणंही चालत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना कायम ठेवल्या. बिलात तो दिसला तर काढायला सांगा. वाढणाऱ्या पोराने मनापासून वाढलं असेल तर त्याच्या हातात खुशीने दहा-वीस रुपये द्या, तो तुमचा प्रश्न.

पाण्याच्या बाटलीचं काय?

इथे बहुतेकांचा गैरसमज आहे. दुकानातून किंवा काउंटरवरून बाटली घेतली तर छापील किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही. पण टेबलावर बसून मागवलेल्या बाटलीला हॉटेल जास्त पैसे लावू शकतं, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये दिला आहे, कारण तिथे बसण्याची आणि वाढण्याची सेवाही असते. त्यामुळे वेटरने बाटली फोडण्याआधी दर विचारा, किंवा साधं पाणी मागा. घरून पाण्याचा कॅन गाडीत ठेवला तर सगळ्यात बरं.

पोट बिघडू नये म्हणून

प्रवासात जुलाब-उलट्या लागल्या तर जेवणाच्या बिलापेक्षा दवाखान्याचं बिल मोठं होतं. बसण्याआधी हात धुवायच्या जागेवर आणि भटारखान्याच्या दारावर एक नजर टाका. प्रत्येक खाद्य व्यवसायाकडे एफएसएसएआयचा १४ अंकी नंबर असतो आणि तो दर्शनी भागात लावावा लागतो. कढईतलं तेल काळं पडलेलं, फेसाळलेलं, धूर सोडणारं असेल तर भजी-वडे नकोत. गिऱ्हाईक चालू असलेल्या ठिकाणी भाजी ताजी असण्याची शक्यता जास्त. आडवेळेला थांबलात तर समोर गरम करून दिलेली डाळ, पिठलं, भाकरी हे सुरक्षित. आधी चिरून ठेवलेला कांदा-काकडी, उघडी चटणी आणि बर्फ टाळा. लहान मुलं, म्हातारी माणसं आणि पेशंट बरोबर असतील तर ही काळजी घ्याच.

एसटीने जाताना

एसटीत थांबा आपल्या हातात नसतो. महामंडळाने अधिकृत थांब्यावर तिकीट दाखवल्यास ३० रुपयांत चहा-नाश्ता देण्याची योजना काढली आहे. काउंटरवर तिकीट दाखवून विचारा. दिला नाही, किंवा अस्वच्छता दिसली, तर थांब्याचं नाव, गाडी नंबर आणि वेळ लिहून आगारात तक्रार द्या. जेवायचं नसेल तर कोणी सक्ती करू शकत नाही. दशम्या आणि शेंगाचटणी सोबत असली की हा प्रश्नच येत नाही.

फसवणूक झाली तर

आधी पक्कं बिल घ्या. पैसे फोन पे किंवा गुगल पे ने दिले तर त्याची नोंद राहते. मेनू कार्डाचा आणि फलकाचा फोटो काढा. धाबेवाल्याशी शांतपणे बोला. पुष्कळदा बेरजेची चूक असते आणि तिथेच मिटते. अनोळखी गावात हमरीतुमरीवर येऊ नका, बाई-माणसं बरोबर असतील तर मुळीच नको. घरी आल्यावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर फोन करा. अन्नाबद्दल तक्रार असेल तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५ आहे.

तेवढ्यावर भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करायची मुभा दिली आहे. म्हणजे धाबा पुणे जिल्ह्यात असला तरी करमाळ्याच्या किंवा माढ्याच्या माणसाने सोलापूरला तक्रार दिली तरी चालते. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला आयोगात फी नाही. बिल मात्र जपून ठेवलेलं पाहिजे.