पार्ल्यातून हीट शील्डकडे

मुंबईतल्या विलेपार्ल्याच्या पश्चिमेला जुहूचा विमानतळ, पूर्वेला आंतरराष्ट्रीय विमानतळ. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूलाच उतरले. इथल्या मुलांना एरोस्पेस म्हटलं की पंख आणि इंजिनं आठवतात, यात नवल नाही. पण याच क्षेत्रातल्या काही इंजिनिअरांना यान उडण्यापेक्षा परत येण्याची काळजी असते. ते यानाची हीट शील्ड, म्हणजे उष्णतेपासून वाचवणारं कवच, बनवतात.

पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानाचा वेग सेकंदाला सुमारे ७.८ किलोमीटर. या वेगामुळे त्याच्या दर किलो वजनात सुमारे ३ कोटी ज्यूल ऊर्जा असते. नळाच्या ११ लिटर पाण्याची पूर्ण वाफ व्हायला तेवढी पुरते. उतरताना ती सगळी कुठेतरी जायलाच हवी. ही उष्णता घर्षणाची, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग यानापुढची हवा एकदम दाबली गेल्याने तयार होतो. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ज्युलियन ॲलन यांनी दाखवलं की यानाचा पुढचा भाग टोकदार न ठेवता बोथट ठेवला, तर आघात-तरंग (शॉक वेव्ह) त्याला चिकटत नाही आणि बरीचशी उष्णता हवेबरोबरच निघून जाते. मला हा या विषयातला सर्वांत सुंदर विचार वाटतो.

उरलेली उष्णता कवचाने झेलायची. त्यासाठी कार्बन-फिनॉलिक वापरतात, म्हणजे फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून, दाबून पक्कं केलेलं कार्बनच्या धाग्यांचं कापड. तापलं की रेझिनचं विघटन होतं आणि त्यात उष्णता खर्ची पडते. निघणारे वायू बाहेरच्या तप्त हवेला मागे रेटतात. वर उरलेला कोळशाचा थर लालबुंद होऊन उष्णता बाहेर फेकतो. कवच झिजतं, आणि झिजावं म्हणूनच ते घडवलेलं असतं.

मग जाडी किती ठेवायची? कमी ठेवली तर यान जातं, जास्त ठेवली तर उपकरणांचं आणि माणसांचं वजन कवच खातं. इंजिनिअरचं खरं लक्ष असतं कवच ज्या थराने धातूच्या सांगाड्याला चिकटवलं आहे त्या थरावर. बाहेरचा मारा ओसरल्यावरही मुरलेली उष्णता आत सरकत राहते, त्यामुळे तिथलं तापमान उशिरा शिगेला पोहोचतं.

असं कवच लावलेल्या कुप्या इस्रोने दोनदा परत आणून पाहिल्या. एसआरई-१ ही कुपी १० जानेवारी २००७ ला पीएसएलव्ही रॉकेटने कक्षेत नेली आणि २२ तारखेला ती बंगालच्या उपसागरात सुखरूप उतरली. तिच्या नाकाला कार्बन-फिनॉलिक होतं, बाकी अंगावर सिलिकाच्या टाइल्स. १८ डिसेंबर २०१४ ला अंतराळवीरांच्या कुपीची चाचणी झाली, ‘केअर’. ती १२६ किलोमीटर उंचीवर सेकंदाला ५.३ किलोमीटर वेगाने अलग झाली. उष्णतेचा मारा ढोबळमानाने वेगाच्या घनाप्रमाणे वाढतो. म्हणजे नुसत्या वेगाचा हिशेब धरला तरी कक्षेतून अंतराळवीरांना परत आणणाऱ्या गगनयानाच्या कुपीवर तो तिप्पट असेल. इतकं मोठं कवच अजून कक्षेतून परत आणायचं आहे, म्हणून आज शाळेत असलेल्यांसाठीही इथे काम आहे.

वाट कुठून जाते? मेकॅनिकलची पदवी पार्ल्यातच संघवी कॉलेजमध्ये मिळते. एरोस्पेस पवईला आयआयटीत आहे. तिथल्या शॉक टनेलमध्ये हायपरसॉनिक, म्हणजे ध्वनीच्या अनेक पट वेगाचा, प्रवाह मिलिसेकंदांपुरता तयार करून मोजतात. पण पालकांना सहसा न सुचणारी तिसरी वाट माटुंग्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजीत (आयसीटी), १९३३ पासूनच्या जुन्या यूडीसीटीत, पॉलिमरच्या अभ्यासातून जाते. कवचाचा जीव रेझिनमध्ये आहे, आणि रेझिन रसायनवाल्यांनाच कळतं. इस्रोच्या तिरुवनंतपुरममधल्या विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक राहिलेले वसंत गोवारीकरही केमिकल इंजिनिअरिंग शिकलेले होते.

बारावीनंतर थेट जायचं तर तिरुवनंतपुरमलाच आयआयएसटी आहे, २००७ मध्ये सुरू झालेली. जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणांवर प्रवेश मिळतो. पदवीनंतर इस्रोच्या ‘सायंटिस्ट/इंजिनिअर एससी’ पदाच्या जाहिराती निघतात, मुख्यतः मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरवाल्यांसाठी. त्यांत पदवीला ६५ टक्के किंवा ६.८४ सीजीपीएची अट असते, मग सहसा लेखी परीक्षा आणि मुलाखत. पॉलिमरवाल्यांच्या जागांची जाहिरात बहुधा वेगळी आणि थोड्या जागांची येते, तेव्हा त्यांनी इस्रोच्या प्रत्येक केंद्राच्या जाहिराती पाहत राहाव्यात.