शिक्का मारण्याची घाई, मदतीला मात्र विलंब

बालवाडीत जाणारे चार वर्षांचे मूल बरोबरीच्या मुलांपेक्षा मागे आहे, अशी शंका बाईंना आली की साधारणपणे दोन उत्तरे ऐकू येतात. घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, 'याचे वडीलही उशिराच बोलू लागले होते, थोडे थांबा.' शाळा सांगते, 'आमच्याकडे याचे जमायचे नाही. विशेष शाळा पाहा.' पहिल्या उत्तरात माया आहे आणि दुसऱ्यात सोय. परंतु या मुलाला उद्यापासून काय व कसे शिकवायचे, याचा विचार दोहोंतही नाही.

कोणत्याही निर्णयाबाबत अर्थशास्त्राचा विद्यार्थी प्रथम विचारतो : निर्णय चुकला, तर किंमत कोणी आणि किती मोजायची? येथे गरज नसलेल्या मुलाला वर्षभर जादा मदत मिळाली, तर काही पैसे व काही तास खर्ची पडतील. गरज असलेल्या मुलाला ती मिळाली नाही, तर वाढीची हातची वर्षे जातील आणि ती कोणत्याही व्याजाने परत मिळणार नाहीत. सबब मदतीच्या बाबतीत संशयाचा फायदा मुलाला दिला पाहिजे. शिक्क्याचा हिशेब नेमका याउलट आहे. चौथ्या वर्षी 'मतिमंद' ठरवलेल्या मुलाकडून शिक्षक अपेक्षा कमी करतात, आईवडीलही करतात आणि हळूहळू मूलही त्या अपेक्षेपुरतेच वाढते. म्हणून मदत लवकर व्हावी आणि शिक्का शक्य तितका उशिरा बसावा.

आपल्याकडे हे उलटे घडते, कारण विशेष शिक्षण आणि विशेष शाळा यांची गल्लत होते. विशेष शिक्षण ही शिकवण्याची रीत आहे : कामाचे लहान टप्पे पाडणे, एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रकारांनी पुनःपुन्हा करून घेणे, बोलण्याच्या जोडीला चित्रांचा व खुणांचा आधार देणे. हे साध्या बालवाडीतही करता येते. विशेष शाळा हे स्थळ आहे. रीत आज सुरू करता येते. स्थळाचा निर्णय सर्वांत शेवटी घ्यावयाचा असतो.

त्याआधी काही साध्या गोष्टी तपासल्या पाहिजेत. मुलाला नीट ऐकू येते काय? बोलण्यात मागे असलेल्या प्रत्येक मुलाची श्रवणचाचणी आधी व्हावी, मग बुद्धीविषयी बोलावे. दृष्टी, रक्तक्षय व थायरॉइड यांचीही तपासणी हवी. घरी मराठी, वारली किंवा गोंडी बोलणारे मूल इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गात गप्प बसते, तेव्हा ते मंद आहे की भाषेला परके आहे, हेही पाहिले पाहिजे. मात्र ते घरच्या भाषेतही मागे असेल, हाक मारल्यावर वळत नसेल, इतर मुलांत मिसळत नसेल, तर भाषेची सबब पुढे करून थांबणे धोक्याचे आहे. पूर्वी येत असलेले बोलणे वा चालणे मूल गमावू लागले, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे.

बुद्धिमापनाच्या चाचणीला या निर्णयात स्थान आहे. ती निवाडा मात्र नव्हे. फ्रान्सच्या शिक्षणखात्याला वर्गात मागे पडणारी मुले ओळखून त्यांना वेगळी मदत द्यावयाची होती. त्यासाठी आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये चाचणी रचली. व्ही. व्ही. कामत यांनी ती कन्नड व मराठी मुलांसाठी बेतून घेतली आणि त्यावरील त्यांचा ग्रंथ १९४० मध्ये निघाला. मुलाची बुद्धी कायमची ठरलेली असते, हे मत स्वतः बिने यांनाच मान्य नव्हते. चार वर्षांच्या मुलाने अनोळखी खोलीत तासाभरात दिलेली उत्तरे त्या तासाबद्दल बरेच सांगतात, आयुष्याबद्दल थोडे. वाचन-लेखनातील विशिष्ट अक्षमतेचे निदान तर, मूल वाचू-लिहू लागल्यावर, साधारण आठव्या वर्षानंतरच करता येते.

लवकर केलेल्या मदतीने काय साधते, याचा एक प्रसिद्ध दाखला अमेरिकेत आहे. मिशिगन राज्यातील इप्सिलांटी येथील पेरी बालशाळेसाठी १९६२ पासून गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील तीन-चार वर्षांची, ७० ते ८५ बुद्ध्यंकाची १२३ मुले निवडण्यात आली. त्यांपैकी ५८ मुलांना दररोज अडीच तासांचा वर्ग आणि आठवड्यातून एकदा शिक्षिकेची घरभेट मिळाली. उरलेल्या ६५ जणांना हे मिळाले नाही. पाचव्या वर्षी पहिल्या गटातील ६७ टक्के मुलांचा बुद्ध्यंक ९० किंवा अधिक होता, दुसऱ्या गटातील २८ टक्क्यांचा. हा फरक पुढे ओसरला. तथापि शालेय शिक्षण पुरे करणारे पहिल्या गटात ७७ टक्के निघाले, दुसऱ्या गटात ६० टक्के. २००० सालचे नोबेल मानकरी अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन यांनी या प्रयोगाचे हिशेब मांडून हा खर्च किफायतशीर ठरवला. प्रयोग लहान होता आणि स्वमग्नतेसारख्या अवस्थांना त्याचे आकडे जसेच्या तसे लागू करणे गैर ठरेल. परंतु नुसत्या बुद्ध्यंकावरून त्या मुलांचे भवितव्य ठरवले असते, तर ते चुकले असते, एवढे निश्चित.

आता आपल्या कायद्याकडे वळू. संविधानाच्या मूळ ४५व्या अनुच्छेदाने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांच्या मोफत शिक्षणाचा प्रयत्न करण्यास राज्याला सांगितले होते. त्यात सहा वर्षांखालील मुले वगळलेली नव्हती. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मूलभूत हक्क मिळाला आणि त्याखालील मुले मार्गदर्शक तत्त्वांत राहिली. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार, ठरावीक प्रमाणात अक्षमता असलेल्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षण मिळते. तेही सहा ते अठरा या वयातच. म्हणजे मदत ज्या वयात सर्वांत फलदायी, त्याच वयात ती पालकांच्या ऐपतीवर सोडली आहे. ज्याला वाचा-उपचाराचा दर तासाचा खर्च परवडतो त्याचे मूल पुढे सरकते, बाकीची थांबतात.

यंत्रणा मुळीच नाही असे नव्हे. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरील केंद्र अभिप्रेत आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांग बालकांसाठी अंगणवाड्यांना स्वतंत्र कार्यपद्धती आखून दिली. परंतु जिल्ह्याच्या गावी दर आठवड्याला जाणे म्हणजे मजुराला एक दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे गमावणे होय. उपचार करणाऱ्याने तालुक्यापर्यंत यावे आणि आई व अंगणवाडीताई यांना घरी-वर्गात करावयाचे काम शिकवावे, हे अधिक स्वस्त व अधिक न्याय्य आहे.

पालकांपुरते सूत्र असे : शंका येताच तपासणी करावी, निदानाची वाट न पाहता शिकवणे सुरू करावे, दर सहा महिन्यांनी नोंदी पाहून निर्णय पुन्हा तपासावा. साध्या बालवाडीत मदत देऊनही मूल पुढे जात नसेल, तर विशेष शाळेचा मार्ग निःसंकोच धरावा. त्यात कमीपणा काही नाही. फक्त परतीची वाट खुली ठेवावी. शासनाकडे मागायचे ते एकच : या मुलांचा हक्क सहाव्या वर्षाऐवजी तिसऱ्या वर्षापासून सुरू करा.