बावीस टीबी आणि बेचाळीस अंश

लग्नसराईत लातूर-नांदेडच्या फोटो स्टुडिओंत किती माहिती जमा होते, हे एकदा कागदावर मांडून पाहावं. फोर-के कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट या वेगाने चित्रण करत असेल, तर तासाला ४५ जीबी भरतात. हळद, लग्न, वरात मिळून प्रत्येक कॅमेऱ्याचे सहा तास आणि असे तीन कॅमेरे धरले, तर एका लग्नाचं कच्चं चित्रण होतं ८१० जीबी. पंचवीस लग्नं झाली की २० टीबी संपले! 'लातूर पॅटर्न'च्या शिकवणी क्लासेसचा हिशेब आणखी मोठा. साध्या दर्जाचे ५० सीसीटीव्ही कॅमेरे महिनाभराचं चित्रण ठेवू लागले, तर ६५ टीबी लागतात.

साहजिकच दुकानात पहिला प्रश्न येतो, 'किती टीबीची देऊ?' खरं तर हा प्रश्न दुसरा असायला हवा. पहिला प्रश्न असा : ही डिस्क बंद पडली, तर पुढचे दोन दिवस काय होणार?

एका पेटीत २२ टीबीच्या चार डिस्क रेड-५ (RAID-5) पद्धतीने, म्हणजे एकीची माहिती इतरांवरून परत काढता येईल अशा, जोडल्या आहेत, असं समजू. एक गेली तरी माहिती शाबूत राहते. पण नवी डिस्क बसवल्यावर उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत, म्हणजे ६६ टीबी, वाचून काढाव्या लागतात. सेकंदाला सरासरी २०० एमबी धरले, तर सलग ३० तास. मध्ये कुणी एडिटिंग करत असेल तर त्याहून जास्त. या काळात दुसरी डिस्क गेली की सगळंच गेलं. एरवीही साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात बहुधा दर १०^१४ बिटांमागे, म्हणजे साडेबारा टीबीमागे, एखादी न वाचता येणारी जागा गृहीत धरलेली असते. एंटरप्राइज, म्हणजे जड कामासाठी बनवलेल्या, डिस्कचा हा आकडा दसपट चांगला, सव्वाशे टीबी. शिवाय खराब जागा आढळली, तर साधी डिस्क ती वाचण्यासाठी बराच वेळ झगडत बसते आणि रेड कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. एंटरप्राइज डिस्क काही सेकंदांत माघार घेते आणि कंट्रोलर ती माहिती इतर डिस्कवरून काढतो. तरीही एवढ्या मोठ्या डिस्कसाठी रेड-५ नकोच. दोन डिस्क एकाच वेळी गेल्या तरी तगणारं रेड-६ घ्यावं.

एवढी क्षमता मावते कशी, ही गोष्ट मोठी रंजक आहे. १९५६ साली आयबीएमच्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या आणि त्यांत जेमतेम ५० लाख अक्षरं मावत. आज तळहाताएवढ्या पेटीत दहा तबकड्या मिनिटाला ७,२०० फेरे घेतात आणि वाचणारं शीर्ष पृष्ठभागापासून काही नॅनोमीटरवर तरंगतं. तबकड्या जवळजवळ आणल्या की त्यांच्यामधली हवा घुसळून निघते, कंप वाढतो आणि वीज जास्त लागते. यावर उपाय सापडला हेलियमचा. त्याची घनता हवेच्या सातव्या हिश्शाइतकीच. २०१३ मध्ये एचजीएसटी कंपनीने हेलियम भरून सीलबंद केलेली ६ टीबीची डिस्क बाजारात आणली. आज मोठ्या क्षमतेच्या जवळजवळ सगळ्या डिस्क याच वळणाच्या आहेत. सील बंद असल्यामुळे आपल्याकडची धूळही आत जात नाही.

क्षमता वाढवण्याची दुसरी युक्ती मात्र जपून घ्यावी अशी. एसएमआर प्रकारात माहितीच्या रेघा कौलांसारख्या एकमेकींवर चढवलेल्या असतात. एक बदलायची तर शेजारच्याही पुन्हा लिहाव्या लागतात, त्यामुळे रेडमधली डिस्क बदलताना काम भलतंच रेंगाळतं. २०२० साली वेस्टर्न डिजिटल कंपनीने आपल्या 'रेड' (Red) नावाच्या मालिकेतल्या काही डिस्कमध्ये हे तंत्र गाजावाजा न करता वापरल्याचं उघड झालं आणि गिऱ्हाइकं खवळली. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात 'सीएमआर' (रेघा एकमेकींवर न चढवणारा प्रकार) असं स्पष्ट लिहिलेलं असेल, तरच घ्या.

माहितीपत्रकातल्या '२५ लाख तास' आयुष्याच्या आकड्यावर भाळू नये. २५ लाख तास म्हणजे २८५ वर्षं. इतकी कुठली डिस्क चालते? त्याचा खरा अर्थ, हजार डिस्कमागे वर्षाला तीन-चार बंद पडतील. हजारो डिस्क वापरणारी अमेरिकेतली बॅकब्लेझ कंपनी आपले आकडे जाहीर करते. तिथलं अलीकडचं प्रमाण वर्षाला एक ते पावणेदोन टक्के आहे. तेही थंड हवेच्या डेटा सेंटरमध्ये. नांदेडच्या मे महिन्यात खोलीच ४२ अंशांवर असेल, तर पेटीतली डिस्क सहज ५५च्या पुढे जाते आणि बहुतेक डिस्कची मर्यादा ६० असते. गुगलने २००७ साली लाखभर डिस्कचा अभ्यास केला, तेव्हा मध्यम उष्णतेने फारसं बिघडत नाही असं दिसलं. खूप जास्त तापमान आणि जुन्या डिस्क यांची गोष्ट मात्र वेगळी होती. म्हणून एसी नसला तरी चालेल, पण पेटी बंद कपाटात कोंबू नका. आणि लाईट जाण्यावर यूपीएस हवाच.

फक्त सीसीटीव्ही असेल तर एंटरप्राइज डिस्कवर पैसे घालवायची गरज नाही. वरच्या ५० कॅमेऱ्यांचं काम सहा डिस्कवर वाटलं, तर प्रत्येकीवर वर्षाला सुमारे १३० टीबी लिहिले जातील. सर्व्हेलन्स डिस्क १८० टीबीपर्यंतच्या कामासाठी बनवलेल्या असतात. एंटरप्राइजचा आकडा ५५० आहे आणि तो एडिटिंग करणाऱ्यांच्या उपयोगाचा.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे; अख्खी पेटीच गेली, तर त्याचा उपयोग नाही. किल्लारीचा १९९३चा भूकंप लातूरकर विसरलेले नाहीत आणि विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की नांदेडकरांची नजर गोदावरीकडे जाते. एका शहरातल्या स्टुडिओने आपली एक प्रत दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्याकडे ठेवावी आणि त्याची आपल्याकडे.

खरेदी करताना पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत हजारो तास वापरलेल्या सीगेट एक्सॉस डिस्क नव्या म्हणून विकल्याचं उघडकीला आलं. वापराच्या तासांची नेहमीची नोंद पुसलेली होती, डिस्कमधल्या दुसऱ्या नोंदीने भांडं फुटलं. तेव्हा खोकं फोडण्याआधी तो नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर टाका. तिथे एंटरप्राइज डिस्कला पाच वर्षांची वॉरंटी दिसत नसेल, तर डिस्क दुकानातच परत करा.