स्त्रियांचीं आत्मचरित्रें आणि आम्ही विद्यार्थी

आत्मचरित्र म्हणजे मोठ्या माणसांनीं सांगितलेल्या मोठ्या गोष्टी, अशी आमची समजूत होती. तीच मनांत धरून आम्हीं वर्गांत लक्ष्मीबाई टिळकांचीं 'स्मृतिचित्रें' वाचावयास घेतलीं. ह्या ग्रंथाचा पहिला भाग १९३४ सालीं निघाला. लक्ष्मीबाईंच्या वडिलांचें सोंवळें इतकें कडक कीं, बाजारांतून आणलेलें मीठसुद्धां धुऊन घ्यावयाचें! हें ऐकतांच वर्गांत हंशा पिकला. पण त्याच घरांत एक मुलगी वाढत होती, आणि तिचें लग्न झालें तेव्हां ती आमच्याहून लहान, अकरा-बारा वर्षांची होती, हें कळल्यावर हंसणारे गप्प झाले.

चौदा-पंधराव्या वर्षीं आपणांस कोणी हंसलेलें मुळींच खपत नाहीं. लक्ष्मीबाई तर स्वतःच्या फजित्या मोकळेपणें सांगून आपणच हंसतात. आमच्या मतें हें पुस्तक आम्हांस जवळचें वाटण्याचें खरें कारण हेंच होय.

रमाबाई रानडे ह्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' (१९१०) ह्या पुस्तकाची गोष्ट निराळी. १८७३ सालीं अकराव्या वर्षीं त्यांचें लग्न झालें; न्यायमूर्ति रानडे तेव्हां एकतीस वर्षांचे होते. त्यांनींच पत्नीस अक्षरओळख करून दिली. आमच्यांतील एकीनें तक्रार केली, "पानोपानीं रावसाहेबच आहेत, रमाबाई कोठें आहेत?" प्रश्न उद्धट खरा, पण वाचन तेथूनच सुरू झालें. घरांतील बायकांचीं टोचणीं सोसून जी पुस्तक मिटीत नाहीं, तीच रमाबाई, असें शोधतां शोधतां सांपडलें. अभ्यासावरून घरीं बोलणीं खाणाऱ्यांस तर ती लवकरच सांपडली!

आनंदीबाई कर्वे ह्यांचें 'माझें पुराण' (१९४४) ह्याहून साधें. बालपणींच वैधव्य आलेली ही बाई विशी उलटल्यावर शारदासदनांत शिकावयास गेली. नापास झालेल्यांनीं तें अवश्य वाचावें.

परीक्षेंत मात्र "लेखिकेचे गुण सांगा" एवढेंच विचारितात. आम्हीही सहनशीलता, चिकाटी वगैरे पाठ केलेले शब्द लिहून मोकळे होतों. त्यांत ना मीठ येतें, ना हंसें.

दिवाळीच्या सुटींत एका मैत्रिणीनें आपल्या आजीस विचारिलें, "तुमची शाळा कां सुटली?" आजी म्हणाल्या, "धाकट्या भावास सांभाळावयास कोणी नव्हतें." मग त्या बराच वेळ बोलत राहिल्या. त्यांतील एक पान वहींत उतरलें आहे. बाकीचें मे महिन्याच्या सुटीवर ठेविलें आहे.